पालकाला घेऊन या

भिंतीवरच्या सर्टिफिकेटला हार घालू नये असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पण मल्हारी पिंगळेने तो घातला, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

सर्टिफिकेट ललिताचं होतं. ललिता म्हणजे मल्हारीची बायको, आणि नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीतल्या 'ललिता मेडिकल'ची फार्मासिस्ट. औषधाच्या दुकानात शिकलेला फार्मासिस्ट लागतो आणि त्याचं सर्टिफिकेट गिऱ्हाइकाला दिसेल असं लावावं लागतं. फार्मासिस्ट नसेल तर त्या दुकानात साबण आणि पावडर विकता येते, औषध नाही. लग्न झाल्यावर दोघांनी दुकान काढलं तेव्हापासून ते सर्टिफिकेट काउंटरमागच्या खिळ्याला होतं. मल्हारी माल आणायचा, हिशेब बघायचा, ललिता चिठ्ठ्या वाचायची. डॉक्टरांचं अक्षर वाचणं हे काम मल्हारीने कधी अंगावर घेतलं नाही, कारण त्याला स्वतःचंही अक्षर लागत नसे.

संक्रांतीनंतर ललिताला ताप आला आणि आठवड्याच्या आत ती गेली. दुकानभर औषधं होती. त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही.

दहाव्याला फोटो लागतो. तेव्हा लक्षात आलं की ललिताचा एकटीचा फोटोच घरात नाही. लग्नाच्या अल्बममध्ये ती मुंडावळ्यांच्या आड होती आणि बाकी सगळीकडे कुणाच्या ना कुणाच्या बारशात मागच्या रांगेत. एकटी, समोर बघणारी ललिता एकाच ठिकाणी होती. सर्टिफिकेटच्या फ्रेमच्या कोपऱ्यात तिने स्वतःच कधीतरी खोचून ठेवलेला पासपोर्ट फोटो. मल्हारीने मग त्या फ्रेमलाच चंदनाचा हार घातला. गिऱ्हाइकं यायची, आधी हात जोडायची आणि मग तापाची गोळी मागायची.

फार्मासिस्ट राहिला नाही की सरकारला कळवावं लागतं हे मल्हारीला माहीत होतं. त्याने पत्र लिहायला घेतलं होतं. 'महोदय, वरील दुकानाच्या फार्मासिस्ट सौ. ललिता' इथपर्यंत ते जमायचं. पुढच्या शब्दापाशी तो थांबायचा आणि मग कुणीतरी खोकल्याचं औषध मागायला यायचं.

जूनमध्ये औषध खात्याचे इन्स्पेक्टर आले. सभ्य माणूस. आत आल्या आल्या त्यांनी फ्रेमकडे बघून हात जोडले.

"कोण?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"आमच्या मिसेस."

"अरेरे. वय फार नसेल." मग त्यांनी काउंटरवर बॅग ठेवली. "फार्मासिस्ट कुठे आहेत?"

मल्हारीने परत फ्रेमकडे बघितलं. इन्स्पेक्टरांनीही बघितलं. त्यांनी चष्मा लावून सर्टिफिकेटवरचं नाव वाचलं, मग बाहेर जाऊन दुकानाच्या पाटीवरचं वाचलं आणि परत आत आले.

"बसा," ते मल्हारीला म्हणाले. मल्हारीच्याच दुकानात.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. महिनाभरात दुसरा फार्मासिस्ट नेमा, नाहीतर लायसन रद्द होईल, एवढं सांगितलं. जाता जाता विचारलं, "तुमचं शिक्षण काय?"

"बारावी सायन्स. पास आहे. पुढे जमलं नाही."

"मग तुम्हीच का करत नाही डी. फार्म.? दोन वर्षांचा तर कोर्स."

सरकारी माणूस निघताना जे बोलतो ते बहुतेक दार लवकर गाठता यावं म्हणून बोलतो. मल्हारीला हे कळलं असतं तर ही गोष्ट झाली नसती.

संध्याकाळपर्यंत गल्लीला बातमी लागली. शेजारचा किराणावाला गोटीराम गल्ला तसाच उघडा टाकून आला.

"मल्हारीशेठ, एवढ्यासाठी तोंड पाडून बसलात? ओझरला एक पोरगं आहे. सर्टिफिकेट भाड्याने देतं. भिंतीला लावायचं, महिन्याच्या महिन्याला पाकीट पोचवायचं. पोरगं तोंडसुद्धा दाखवत नाही. अर्ध्या नाशकातली दुकानं अशीच चालतात."

"आणि इन्स्पेक्टर आले तर?"

"तर पोरगं जेवायला गेलंय म्हणायचं. फार्मासिस्टला भूक लागत नाही का?"

 हा सल्ला मल्हारीने पूर्वी ऐकला होता, आणि त्याचं उत्तरही. लग्नाआधी ललिताकडे अशी तीन दुकानं चालून आली होती. घरी बस, फक्त नाव दे. ती म्हणाली होती, ज्याचं नाव भिंतीवर तो खुर्चीत. सर्दी असो, पाहुणे असोत, ती खुर्चीत असायची. आता त्याच खिळ्याला, तिच्याच नावाच्या दुकानात, कुणा न दिसणाऱ्या पोराचं नाव लावायचं हे काही मल्हारीच्या गळ्याखाली उतरेना. दुकान बंद पडलं तरी ललिता जाणार, आणि असं चालू राहिलं तरी जाणार, असा तो पेच होता.

पलीकडच्या एसटीडी बूथच्या लताबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "मल्हारीभाऊ, राग मानू नका. फार्मसी झालेली मुलगी बघा आणि लग्न करून टाका. दुकानाचाही प्रश्न सुटेल. माझ्या मावसबहिणीच्या जावेची भाची आहे."

हे ऐकून मल्हारीने त्याच रात्री ठरवलं. डी. फार्म. करायचं. वय सदतीस.

दोन वर्षं खुर्चीत बसायला माणूस हवा होता. तो मिळाला. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेले यादवकाका. त्यांनी अटी घातल्या: खुर्चीला हात हवेत, चहाला साखर नको, आणि स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं काही काढणार नाही. आल्या दिवसापासून ते नेमाने बसू लागले. दुपारच्या वेळी डोळे मिटून, पण बसू लागले. गिऱ्हाइकाने चिठ्ठी पुढे केली की डोळे न उघडता विचारायचे, "जेवणाआधी का नंतर?"

"यांचं सर्टिफिकेट लावायला जागा करा," इन्स्पेक्टर परत आले तेव्हा म्हणाले. खिळा एकच होता. मल्हारी म्हणाला, करतो. यादवकाकांचं सर्टिफिकेट तात्पुरतं साबणाच्या खोक्याला टेकवून ठेवलं.

आता प्रवेश. कॉलेजचं माहितीपत्रक त्याने आणलं आणि विषय वाचले. फार्मास्युटिक्स, फार्माकॉग्नॉसी, बायोकेमिस्ट्री, ज्युरिस्प्रुडन्स. आपण इतकी वर्षं एवढ्या गोष्टी विकत होतो याची त्याला कल्पना नव्हती. फार्माकॉग्नॉसी म्हणजे काय ते यादवकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, "सुंठ, दालचिनी, हिरडा, इसबगोल. भिंगातून बघायचं आणि चित्र काढायचं." मल्हारीला जरा धीर आला. सुंठ त्याला बिनभिंगाची ओळखता येत होती. ललिताची जुनी पुस्तकं ट्रंकेत होती, ती काढली. पण मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला होता, म्हणजे तिच्या पुस्तकांवरही भागणार नव्हतं. आणि सगळं पास झालं तरी शेवटी पाचशे तास एखाद्या औषधाच्या दुकानात उभं राहून शिकायचं होतं. यादवकाका म्हणाले, "आपल्याच दुकानात कर. माझ्या हाताखाली." तेव्हा मल्हारीला समजलं की आपण आपल्याच दुकानात शिकाऊ उमेदवार होणार आहोत.

कागदपत्रांची यादी माहितीपत्रकाच्या शेवटी होती. बारावीची मार्कशीट मिळाली, तिला एका बाजूने वाळवी लागली होती. सुदैवाने मार्क शाबूत होते. सुदैवाने म्हणायचं की नाही हा प्रश्नच होता, कारण ते मार्क वाळवीने खाल्ले असते तर बरं झालं असतं असे होते. शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, चारित्र्याचा दाखला. शेवटचं जिथे शिकला त्या कॉलेजच्या प्राचार्यांनी 'वर्तन चांगले' असं लिहून द्यायचं होतं. त्या वेळचे प्राचार्य वारले होते. नवे म्हणाले, "तुमचं वर्तन मी कुठे बघितलंय?" मल्हारी म्हणाला, "वाईट तरी कुठे बघितलंत?" त्यावर त्यांनी सही केली.

सगळ्यात जड गेलं ते गॅप सर्टिफिकेट. बारावीनंतर मधली वर्षं काय केलं हे स्टॅम्प पेपरवर शपथेने लिहून द्यायचं. कोर्टाबाहेर झाडाखाली एक टायपिस्ट बसायचा. त्याने साल विचारलं, बोटांवर मोजलं आणि टाइपरायटरवरून हात काढून घेतले.

"शेठ, एवढा गॅप मी आजवर टाइप केलेला नाही. पोरं एक वर्ष, दोन वर्षं घेऊन येतात."

"आहे तो आहे."

टायपिस्टने टकटक सुरू केली. "सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण घेतले नसून घरीच बसून होतो."

"घरी बसून नव्हतो," मल्हारी म्हणाला. त्याला ते लागलं. "आधी कंपनीत होतो. मग लग्न केलं. दुकान काढलं, चालवलं."

"शेठ, मजकूर ठरलेला असतो. घरीच बसून होतो. मॅजिस्ट्रेटला तेच पाठ आहे."

"पण लग्न?"

"लग्न गॅपमध्येच धरतात."

मल्हारीने सही केली. ललिताबरोबरची सगळी वर्षं अशी एका ओळीत 'घरीच बसून' झाली. बसमध्ये तो ते परत परत वाचत होता, आणि द्वारकेचा स्टॉप मागे गेला.

एवढं सगळं जमलं आणि फॉर्मचा शेवटचा रकाना आला: पालकाचे नाव, विद्यार्थ्याशी नाते, पालकाची सही. मल्हारीचे आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊ नव्हता. मूलबाळ नव्हतं. नातेवाईक म्हणून उरले होते ते सायखेड्याचे सासू-सासरे, पण त्यांच्याकडे जायची त्याला हिंमत होत नव्हती.

त्याचं कारण अधिक महिना. त्या वर्षी मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ आला होता. अधिकात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे वाण द्यायचे, ही रीत. मागच्या प्रत्येक अधिकात सासरे सोमाबाबा स्वतः न्यायला येत. अनारश्यांची पितळी परात घेऊन जावई पाटावर बसला की सासूबाई पुतळाबाई ओवाळायच्या आणि ललिता मागून म्हणायची, "कमी खा, मला पण ठेवा." या वेळी बोलावणं आलं नाही. मल्हारीने महिनाभर वाट बघितली. मुलगी गेली, आता जावई कसला, असं त्यांना वाटलं असेल. आणि त्यांना तसं वाटलं तर त्यांचं काय चुकलं, असंही तो स्वतःला सांगायचा. न बोलावता जावं, तर त्यांना वाटेल अनारसे मागायला आला. म्हणून तो गेलाच नाही. तिकडून कुणी आलं नाही, इकडून कुणी गेलं नाही, आणि महिना संपला.

त्याने पालकाच्या रकान्यात स्वतःचंच नाव लिहिलं आणि नात्यापुढे लिहिलं, 'स्वतः'.

कॉलेज पंचवटीच्या पलीकडे होतं. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म बघितला. "पालक कोण?"

"मीच."

"आणि विद्यार्थी?"

"तोही मीच."

"स्वतःच स्वतःचे पालक होता येत नाही."

"बाई, मी सदतीस वर्षांचा आहे."

"नियमात वय लिहिलेलं नाही. विद्यार्थ्याने रॅगिंग केलं, काच फोडली, तर जबाबदार कोण? पालक. तुम्ही काच फोडली तर मी कुणाला बोलवू?"

मल्हारीने पुढच्या खेपेला गोटीरामला पालक म्हणून नेलं. गोटीराम नवा शर्ट घालून आला होता आणि आपण बोलून काम करून टाकू असं त्याला वाटत होतं. नातं काय, असं बाईंनी विचारल्यावर तो म्हणाला, "शेजारधर्म." बाईंनी फॉर्म परत दिला. गोटीराम परतीच्या वाटेवर म्हणाला, "ओझरच्या पोराला नातं लागत नाही बघा."

शेवटी बाईंनी फॉर्म ठेवून घेतला, पण रकाना रिकामा ठेवून. यादीत नाव लागलंच तर प्रवेशाच्या दिवशी पालक प्रत्यक्ष हवा, नात्यातला हवा. नसेल तर जागा पुढच्याला.

यादी लागली. तिच्यात मल्हारी नव्हता. दुसरी लागली, तिच्यातही नव्हता. ऑगस्टमध्ये उरलेल्या जागांसाठी शेवटची फेरी झाली, त्या दिवशी तो सकाळपासून कॉलेजात जाऊन बसला. वॉचमनने त्याला बघितलं आणि म्हणाला, "पालकांनी त्या मंडपात बसा. पोरांना आत सोडतोय."

मल्हारी मंडपात बसला. शेजारी येवल्याचे एक गृहस्थ होते. घरात पैठणीचे माग, मुलगा योगेश आत गेलेला. त्यांनी डबा उघडून भाकरी पुढे केली.

"तुमचं कोण आहे आत?"

"आमच्या घरचंच एक आहे," मल्हारी म्हणाला.

"मार्क?"

"कमी आहेत."

"अभ्यास करत नसंल. घरात टीव्ही आहे का? तार काढून ठेवा. आमच्या योगेशला मी सांगितलं, फार्मसी मिळाली नाही तर मागावर बस. लगेच मार्क वाढले. तुमच्याला असा काही धाक आहे का?"

"आहे. दुकान बंद होईल."

"मग सुधरंल," ते गृहस्थ म्हणाले आणि मल्हारीच्या हातावर मिरचीचा ठेचा ठेवला.

दुपारी शिपायाने नावं पुकारायला सुरुवात केली. जागा भरत चालल्या तसा मल्हारी उरलेल्या बोटांवर मोजू लागला. योगेशला जागा मिळाली. मग दोन पोरं पुकारली तरी आली नाहीत, दुसरीकडे गेली असावीत. आणि शेवटच्या जागेला शिपाई ओरडला, "पिंगळे मल्हारी. आहे का रे?"

"आहे," मल्हारी उठला. येवल्याचे गृहस्थ त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

खिडकीतल्या बाईंनी ओळखलं. "पालक?"

"बाई, बाकी सगळं आहे."

"चार वाजता खिडकी बंद. तोवर पालक आणा. नाहीतर पुढचा मुलगा उभाच आहे." पुढचा मुलगा खरंच उभा होता, आणि त्याचे आई, वडील, काका असे तीन पालक त्याच्यामागे होते.

आता हिंमत असो की नसो, इलाज राहिला नाही. गेटजवळ नाणं टाकायचा फोन होता. मल्हारीने सायखेड्याच्या विकास सोसायटीच्या ऑफिसात फोन लावला. खिशात एकच रुपया होता. घाईघाईने तो म्हणाला, "कुट्यांच्या सोमाबाबांना निरोप द्या. मल्हारीला कॉलेजात बोलावलंय. चारच्या आत पालकाला घेऊन या म्हणतात, नाहीतर नाव काढून टाकतील." आणि फोन कटला.

फोन कटल्यावर मल्हारीला जाणवलं की आपण कोर्सचं, प्रवेशाचं, कशाचंच काही सांगितलेलं नाही. सायखेड्यात तर त्याने परत शिकायला घेतलंय हेही कुणाला माहीत नव्हतं.

तो गेटवर उभा राहिला. ते का येतील? कुणासाठी येतील? घड्याळाकडे बघायचं, रस्त्याकडे बघायचं, परत घड्याळाकडे. मागून पुढच्या मुलाचा काका दर थोड्या वेळाने येऊन विचारायचा, "आले का हो तुमचे?" त्याच्या आवाजात काळजी होती, पण ती मल्हारीची नव्हती.

चार वाजायला थोडा अवकाश होता तेव्हा कोबीच्या गोण्यांनी भरलेला एक टेम्पो गेटात शिरला. पुढे ड्रायव्हरजवळ पुतळाबाई मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. मागे गोण्यांवर सोमाबाबा होते, टोपी एका हाताने धरून. ते उतरले आणि मल्हारीकडे न बघता थेट प्राचार्यांचं ऑफिस विचारत निघाले. मल्हारी "मामा, ऐका, मामा" करत मागे.

कॉलेजात पोराच्या पालकाला बोलावतात ते कशासाठी, हे सायखेड्यात सगळ्यांना माहीत होतं. पोराने काहीतरी केलेलं असतं. प्राचार्य खिडकीपाशीच उभे होते. सोमाबाबांनी टोपी काढून त्यांच्यासमोर हात जोडले.

"साहेब, लेकरू बिनआईबापाचं हाय. घरात बाई माणूस नाय. डोकं ठिकाणावर नसतं आताशा. त्याच्या हातून काय झालं असंल तर एकडाव पोटात घाला. नाव काढू नका."

प्राचार्यांनी मल्हारीकडे बघितलं. "काय केलंय यांनी?"

"ते आता तुमीच सांगा," सोमाबाबा म्हणाले. "पन पोरगं वाईट नाय. बारा वर्सं बघतोय."

मंडपातले सगळे पालक खिडकीपाशी गोळा झाले. सदतीस वर्षांच्या, अर्धं डोकं पांढरं झालेल्या पोरासाठी कुणी माफी मागताना त्यांनी पूर्वी बघितलं नसावं. मल्हारीला वाटलं, जमिनीने आता पोटात घेतलं तर पालकाची सही लागणार नाही.

"मामा, मी काही केलेलं नाही," तो म्हणाला. "मी फार्मसीला नाव घालतोय. ललिताचा कोर्स. दुकान चालू राहावं म्हणून. त्याला पालकाची सही लागते."

सोमाबाबांना हे समजायला वेळ लागला. मग त्यांनी टोपी परत घातली. "मग फोनवर तसं सांगायचं ना पाव्हणं. वाटंत म्या त्र्यंबकराजाला नारळ बोललो."

"एकच रुपया होता."

खिडकीतल्या बाईंनी पेन उचललं. "तुम्ही यांचे कोण?"

"सासरा."

"म्हणजे यांच्या पत्नीचे वडील. पत्नी कुठे आहेत?"

"वारल्या," मल्हारी म्हणाला. पत्रात जो शब्द लिहवला नव्हता तो असा खिडकीत बोलावा लागला.

बाईंचं पेन थांबलं. त्या वाईट नव्हत्या, त्यांना फक्त रकाना भरायचा होता. त्यांनी प्राचार्यांना विचारलं, "सर, पत्नीच्या पश्चात सासरे नात्यात धरायचे का? नंतर कुणी हरकत घेतली तर? रक्ताचं नातं तर नाही."

पुढच्या मुलाचा काका म्हणाला, "तेच म्हणतो मी. नातं राहतं कुठे."

 मल्हारी खिडकीच्या गजाकडे बघत राहिला. अधिक महिनाभर जे त्याने स्वतःलाही मोठ्याने विचारलं नव्हतं, ते आता चार लोकांत विचारून झालं होतं आणि सोमाबाबा उत्तर द्यायच्या ऐवजी टोपी काढून तिची कड चाचपत होते. 

पुतळाबाई पुढे झाल्या. त्यांनी हातातला डबा खिडकीच्या फळीवर, मल्हारीच्या गॅप सर्टिफिकेटवर ठेवला आणि उघडला. आत अनारसे होते.

"बाई, अधिकात तांदूळ भिजवले म्या," त्या म्हणाल्या. "कुटले, गूळ घातला, पीठ करून ठेवलं. बोलवावं तं पाव्हण्याला तिची आठवन हुईल, न बोलवावं तं त्याला वाटंल आपल्याला तोडलं. बोलवू का नको करता करता महिना गेला. पीठ तसंच ऱ्हायलं. आज फोन आला तवा कढई चढवली. हा टेम्पोवाला भोंगा वाजवून ऱ्हायला व्हता, तरी तळले. जावई नसता तं तांदूळ कुनासाठी भिजवले असते?"

पीठ जुनं होतं, आच घाईची होती, त्यामुळे निम्मे अनारसे तुपात फुटले होते. अनारसा असा फुटला की बायका म्हणतात, हसला. त्या खिडकीपाशी तेव्हा हसणारे तेवढेच होते.

बाईंनी डब्याकडे बघितलं, मग प्राचार्यांकडे. प्राचार्य म्हणाले, "सासरे लिहा."

बाईंनी लिहिलं. सोमाबाबांनी पेन मुठीत धरून सावकाश सही केली. मग कागद उलटा केला.

"मागल्या बाजूला बी करू का? ललीच्या टायमाला मागं बी मागितली व्हती."

"नाही बाबा, आता एकच लागते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मघासारखा राहिला नव्हता. "एक घेऊ का?"

"घे की. तेहतीसच्या वर हायेत."

पुढच्या मुलाच्या काकालाही पुतळाबाईंनी एक दिला. त्याने तो घेतला, कारण अनारश्याला नाही म्हणता येत नाही. पण त्याचं तोंड गोड झाल्यासारखं दिसलं नाही. येवल्याचे गृहस्थ जवळ आले आणि मल्हारीला म्हणाले, "तुमचाच प्रवेश होता तर. आधी बोलायचं ना. मी टीव्हीची तार काढायला सांगितली."

त्या संध्याकाळी सासू-सासरे दुकानात आले. पुतळाबाईंनी भिंतीवरचा हार बघितला, साबणाच्या खोक्याला टेकलेलं यादवकाकांचं सर्टिफिकेट बघितलं. त्या म्हणाल्या, "तिला घरी न्या पाव्हणं. दुकानात उभी राहून राहून दमली असंल." मल्हारी स्टुलावर चढला. त्याच खिळ्याला यादवकाकांचं सर्टिफिकेट लागलं. खाली खुर्चीत यादवकाका होते. डोळे मिटलेले होते, पण होते.

कॉलेज सुरू झालं. मल्हारी सगळ्यात मागच्या बाकावर बसायचा, पोरांची नजर नको म्हणून. योगेश त्याला आधी काका म्हणायचा, मग नुसतं 'पिंगळे' म्हणू लागला. पहिल्या चाचणीत बायोकेमिस्ट्रीत जे व्हायचं ते झालं, आणि कॉलेजने पालकसभेचं कार्ड पाठवलं. कार्ड अर्थातच सायखेड्याला गेलं.

सोमाबाबा कांद्याची लागण सोडून आले. स्वच्छ धोतर नेसून सगळ्या पालकांमध्ये पुढे बसले. त्यांची पाळी आली तेव्हा सरांनी कागद बघितला.

"तुमचे जावई मेहनती आहेत, बाबा. पण लक्ष थोडं कमी पडतं. मागच्या बाकावर बसतात."

मल्हारी दाराशी उभा होता. सोमाबाबांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्याच्या शाळेच्या दिवसांत त्याच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

"पुढं बसवा," सोमाबाबा म्हणाले. "ती बी पुढंच बसायची."